डिश टपावर, की माझ्या माळ्यावर

मला त्यातून सोडवलं ते धाकट्या वहिनींनी. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगायचं आहे ते इतकं घाणेरडं आहे, की वाचणारा नाक दाबून मधेच उठून जाईल आणि वहिनींचं सांगायचं राहूनच जाईल. धाकट्या वहिनी म्हणजे माझ्या साहेबांच्या धाकट्या भावाची बायको. त्यांचं-माझं ना नातं ना गाव. त्या पुण्याच्या, कॉलेज शिकलेल्या. मी देवगडच्या बाजूची, सातवीतून घरी बसलेली.

घरी बसले कारण आईने अंथरूण धरलं. ती बरी झाली तोवर शाळा मागे पडली होती. मग मुंबईत थोरल्या वहिनींच्या, म्हणजे साहेबांच्या बायकोच्या, माहेरी स्वयंपाकाला लागले आणि तिथून थोरल्या वहिनींनीच मला दुबईला आणलं. हे त्यांचे उपकार आहेत आणि मी ते नाकारत नाही. अल मनखूलमधली जुनी बिल्डिंग, साहेबांचा फ्लॅट आणि समोरच्या दाराला त्यांच्या भावाचा. दोघा भावांचा एसीच्या डक्टची कामं घ्यायचा धंदा होता. मी दोन्ही घरचं रांधायची, थोरल्यांची दोन मुलं सांभाळायची आणि त्यांच्याच खोलीत खाली गादी घालून झोपायची.

त्या घरात एक नियम होता. संडास-बाथरूम धुवायला बिल्डिंगमधला बंगाली भाई यायचा. तो नाही आला तर संडास तसाच राहायचा, पण मला कोणी सांगायचं नाही. चुलीपाशी वावरणाऱ्या हाताने संडासाला शिवायचं नाही, असं थोरल्या वहिनींचं होतं. त्यांच्या आईकडेही तसंच. मला तो माझा मान वाटायचा. गावी आईला पत्रात लिहिलंसुद्धा होतं, इथे मला तसलं काही करावं लागत नाही म्हणून. नियम माझ्या हातांसाठी नव्हता, त्यांच्या ताटासाठी होता, हे कळायला मला वाळवंटात जावं लागलं.

आणि भीती होतीच. माझा व्हिसा साहेबांच्या कंपनीवर, पासपोर्ट त्यांच्या ऑफिसच्या कपाटात. पुन्हा स्टॅम्पिंगची, म्हणजे व्हिसा वाढवायची, वेळ जवळ आली की साहेब नुसतं "बघू" म्हणायचे. आमटीत मीठ जास्त झालं तरी मला परतीचं विमान दिसायचं.

तर कॅरव्हॅन. नवं शतक लागायच्या सुमाराची गोष्ट. एक गोरा इंजिनिअर कायमचा परत चालला होता, त्याची ती गाडी साहेबांनी घेतली. पुढे ड्रायव्हर, मागे घर. दोन बाक, ओटा, टेबल, एवढासा संडास, त्यातच शॉवर. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा, झोपण्यापुरता, त्याला पडदा. साहेबांनी आधी दिरहॅममध्ये किंमत सांगितली, मग सवयीने रुपयांत करून मोठ्याने सांगितली, आणि रुपयांतला आकडा ऐकून स्वतःच खूश झाले. थोरल्या वहिनींनी बॉनेटवर कुंकू लावून नारळ फोडला. मग मला म्हणाल्या, "आता आतून जरा हात फिरव."

हात फिरव! दार उघडलं तर आतून ओल्या कुत्र्याचा वास आला. कुत्रा नव्हता, त्याचे केस होते, गादीच्या शिवणीत, फ्रिजच्या रबरात, चमच्यांच्या खणात. ओट्यावर तेलाचा थर, इतका जुना की नखाने सालासारखा निघत होता. शॉवरच्या जाळीतून मी केसांची अख्खी वेणी ओढून काढली, सोनेरी आणि काळी एकत्र झालेली. शेगडीमागे झुरळांची अंडी. संडास तेवढा गोऱ्याने स्वच्छ करून दिला होता, खोटं कशाला बोलू. त्याच्या खाली एक डबा होता, बाहेरच्या बाजूने दार उघडून ओढून काढायचा, चाकं लावलेल्या सुटकेससारखा. त्यात निळं औषध घालायचं. मी तो पाहिला आणि दार लावलं. माझं त्याच्याशी काही काम नाही, असंच मनात होतं.

माळा मात्र मी दोनदा पुसला. गादीचं कापड काढून उकळलं. वहिनी म्हणाल्या होत्या, तू वर झोपशील. पडदा ओढून पाहिला. आत मी एकटी. त्या आधी माझ्या आयुष्यात मला ओढायला पडदा नव्हता.

मग डिशचं सुरू झालं. साहेबांना क्रिकेटशिवाय करमत नसे आणि तेव्हा कार्ड घातलं की लहान डिशवरही हिंदी चॅनेलं दिसू लागली होती. बरेच दिवस दोघा भावांत दुसरा विषय नव्हता. सतवा भागातल्या दुकानातून एक केरळचा माणूस घरी बोलावला. त्याने दोन्ही प्रकार समजावले. "ऊपर लगाएगा तो फोल्डिंग. हँडल अंदर आएगा, घुमाओ तो डिश खडा, घुमाओ तो सोया. नीचे रखेगा तो स्टँड, लंबा वायर."

"अच्छा कौनसा?" साहेबांनी विचारलं.

"दोनों अच्छा," असं म्हणून तो चहा प्यायला लागला.

धाकटे साहेब म्हणाले, "दादा, स्टँडवाली घेऊ. गाडी झाडाखाली लावायची आणि डिश लांब उघड्यावर. टपावर बसवली तर डिशला आकाश दिसायला हवं म्हणून आपणही उन्हात."

"आणि दर वेळी वाळूत उतरून ती फिरवणार कोण? तू?"

"मी फिरवीन."

"मागच्या वेळी तंबू तू लावणार होतास. शेवटी कोणी लावला?"

"तंबू वेगळा."

"शिवाय टपावर असली की लांबून दिसते. लोकांना कळतं."

"काय कळतं?"

"आत टीव्ही आहे ते."

धाकट्या वहिनी वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यातून मान वर न काढता म्हणाल्या, "मग टीव्हीच टपावर ठेवा ना भाऊजी."

साहेब हसले, पण ऐकलं नाही. टपाच्या पुढच्या भागावर, माळ्याच्या वर, गोऱ्याने लोखंडी जाळी केली होती, पाण्याचे कॅन बांधायला. डिश बसवायची तर मागे एसीचा खोका होता, म्हणून ती जाळी काढावी लागणार होती. "पाणी आतल्या टाकीत आहे की," साहेब म्हणाले. "एक रात्र तर राहायचं."

"आणि स्टँडवाली घेतली तर गाडी चालताना ठेवायची कुठे?" थोरल्या वहिनींनी विचारलं.

"माळ्यावर."

"माळ्यावर ही झोपते ना."

"खाली झोपेल. बाकांच्या मधे."

ही म्हणजे मी. बिस्किटांचं ताट घेऊन तिथेच उभी होते. डिश टपावर गेली तर पाणी जाणार आणि डिश आत आली तर माझी जागा जाणार, एवढं मला समजलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर "तुम्ही म्हणाल तसं" असंच तोंडातून निघालं असतं. आणि इतक्या दिवसांच्या त्या चर्चेत, वारा किती, वायर केवढी, स्क्रू कुठले, सगळं निघालं; खालचा डबा कोण रिकामा करणार, हे काही निघालं नाही.

डिश टपावर बसली.

दिवाळी होऊन गेली होती, तरी दुपारचं ऊन तिकडे चांगलंच असतं. दुबईबाहेर हत्ता गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लाल वाळू लागते, तिथे आत वळलो. एक मोठं घाफचं झाड होतं, खाली गार सावली. साहेबांनी गाडी सावलीत नेली, हँडल फिरवून पाहिलं, चित्र येईना. पुढे घेतली, मागे घेतली. झाडाच्या फांद्या मधे येत होत्या. शेवटी गाडी झाडापासून दूर, उघड्या वाळूवर उभी केली. चित्र आलं. साहेबांनी टाळी वाजवली.

हँडल कुठे होतं सांगते. छतातून ते थेट माळ्यात उतरत होतं, माझ्या उशीच्या वर. वारा आला की चित्र हले, आणि साहेब चढून यायचे ते माझ्या गादीवरून. पायांत वाळू, टाचा भेगाळलेल्या, अंगठ्याचं नख पिवळं. तो पाय माझ्या उशीवर रोवून ते हँडल फिरवायचे आणि खालून मुलं ओरडायची, "डॅड, लेफ्ट! नो, अदर लेफ्ट!" उतरताना उशीवर पायाचा ठसा राहायचा. मी उशी उलटी करायची. थोड्या वेळाने ती बाजूही तशीच. हँडलच्या सांध्यातून काळं ग्रीस गळत होतं, ते पांघरुणावर. मी दोनदा उकळलेलं कापड!

गाडी उन्हात तापली. आत सगळे मॅच बघत बसलेले. कोणी दार उघडलं की पडद्यावर उजेड येतो म्हणून दार बंद. वडे खाऊन तेलकट हात तसेच रिमोटला, रिमोट बाकाच्या गादीला. आणि पाच पावलांवर संडास असल्यावर वाळूत कोण जातंय? मुलं जात होती, साहेब जात होते, सगळे जात होते. आत पत्र्याच्या खोक्यात ऊन आणि खाली तो डबा. दुपार कलायच्या आत वास सुरू झाला. आधी निळ्या औषधाचा गोडसर, मग त्याच्या खालून दुसरा. त्या वासात बसून ते भेळ खात होते. मला आजही सांगता येत नाही की मला जास्त किळस कशाची आली, त्या वासाची की त्या भेळेची.

संध्याकाळी संडासातला बारका दिवा लाल झाला. मुलगी ओरडली, "ममा, इट्स फुल! इट्स सो डिस्गस्टिंग!"

थोरल्या वहिनींनी इकडे तिकडे पाहिलं. बंगाली भाई तिथे नव्हता. मग माझ्याकडे पाहिलं. "तू जरा बघतेस का गं? ग्लोव्ह्ज आहेत ओट्याखाली."

मी म्हटलं, "वहिनी, मी?"

"मग काय साहेब जातील?"

मी गेले. डबा ओढला, तो जड होता आणि आतलं हलत होतं, ते हातांना कळत होतं. वाळूत त्याची चाकं रुतली, म्हणून छातीशी धरून उचलला. टेकाडामागे फावड्याने खड्डा केला. झाकण फिरवलं. किती सांगू? आत कोंडलेली हवा आधी बाहेर आली, माझ्या तोंडावर. मग ते सगळं एकदम आलं आणि खड्ड्याच्या कडेवरून उडालं. सलवारीवर, पायावर. निळं, आणि निळं नसलेलं. ज्यांची ताटं मी वाढते त्या सगळ्यांचं. दुपारच्या मक्याचे दाणे मला ओळखू आले. मी श्वास धरून वाळू लोटली आणि तिथेच ओकले.

परत आले तर थोरल्या वहिनी दारातच उभ्या. "अशी आत येऊ नकोस. मागच्या शॉवरने डोक्यावरून अंघोळ कर. नीट कर हं. मगच पिठाला हात लाव."

मी नीट केली. गाडीच्या मागच्या बाजूला पाइप होता, तिथे उभं राहून, ओढणीचा आडोसा करून, साबण दोनदा लावून. तिसऱ्यांदा लावणार तोच पाण्याने उचकी दिली आणि ते बंद झालं. आत पंप नुसता घरघरत राहिला.

"पाणी संपलं?" साहेब आतून ओरडले. "कसं काय संपलं?"

"हिने अंघोळ केली," मुलगा म्हणाला. मराठीत म्हणाला. एरवी कधी मराठी बोलत नाही.

"अरे, इतकं ओततात का अंगावर? वाळवंट आहे हे!"

चहाला पाणी नव्हतं, पीठ भिजवायला नव्हतं, संडासात टाकायला नव्हतं. प्यायच्या बाटल्या होत्या तेवढ्या. मॅचच्या शेवटच्या ओव्हर्स राहिल्या होत्या, त्या सोडून निघावं लागलं. मी माळ्यावर, अंगाला सुकलेला साबण, डोळ्यांसमोर ते हँडल. मला वाटत होतं, उद्या पासपोर्ट हातात देतील.

तसं झालं नाही. झालं ते असं: डिश बदलायची ठरली. धाकटे साहेब म्हणत होते तीच, स्टँडवाली. टपावरचं भोक पत्रा मारून बुजवायचं, जाळी परत बसवायची, वर पाण्याचे कॅन. मला जरा बरं वाटलं, तोच थोरल्या वहिनी म्हणाल्या, "हो, पाणी भरपूर घेऊ. म्हणजे हिला डबा टाकून आल्यावर नीट अंघोळ करता येईल." आणि डिश माळ्यावर.

म्हणजे माझा माळाही गेला आणि तो डबा कायमचा माझा झाला. एकदा हात लावला तर लावला, आता त्यांच्या नियमातून वाट निघाली होती. मधे अंघोळ घातली की झालं.

मी पोळ्या लाटता लाटता धीर केला. "वहिनी, ते डब्याचं मला नाही जमणार."

त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "नाही जमणार तर तसं सांग ना. कोणी धरून ठेवलंय का? स्टॅम्पिंग आलंच आहे जवळ. तिकिटाचं बघायला सांगते यांना."

मी म्हटलं, "नाही, जमेल."

नंतर समोरच्या घरी भाजी द्यायला गेले. धाकट्या वहिनींनी विचारलं, "डोळे का असे?" मी म्हटलं, कांदा. त्या म्हणाल्या, "भेंडीच्या भाजीत?" मग मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, भाजीचा डबा घेतला आणि म्हणाल्या, "या वेळी मीही येणार आहे तुमच्याबरोबर. मागच्या वेळी डोकं दुखतं म्हणून चुकवलं होतं."

दुसऱ्या वेळी गाडी घाफच्या सावलीत उभी राहिली. डिश लांब, तिपाईवर. धाकटे साहेब कंपास आणि चिमणीसारखं चिवचिवणारं एक यंत्र घेऊन वाळूत गुडघे टेकून बसले, चिवचिव वाढली की हात वर करायचे आणि आतून साहेब ओरडायचे, "आलं! हलू नको! खलास, बस!" वाऱ्याने पडू नये म्हणून तिपाईला आट्याची पिशवी बांधली. सगळं छान चाललं होतं. सावलीमुळे वासही उशिरा सुरू झाला. पण दिवा लाल व्हायचा तो झालाच.

"जा गं," थोरल्या वहिनी म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत."

मी बाहेर जाऊन ते दार उघडलं. डबा अर्धा ओढला आणि मला तिथेच उमासा आला. खड्ड्यापर्यंतही पोचले नाही. चाकाला टेकून ओकत होते तेव्हा मागून कोणीतरी माझी वेणी धरून बाजूला केली.

"सोड ते," धाकट्या वहिनी म्हणाल्या. "हो बाजूला."

"नको वहिनी, अहो, तुम्ही नको..."

"यात माझंही आहे ना? मग?" त्यांनी पदर खोचला, डबा ओढून काढला आणि आत हाक मारली, "अहो! फावडं घेऊन या."

धाकटे साहेब दारात आले. डबा पाहिला, बायकोकडे पाहिलं. "आता? मॅच..."

"मॅच कुठे जात नाही. हे जायला हवं."

ते आले. तोंड वाकडं करून, पण आले. दोघं टेकाडामागे गेली. मी तिथेच उभी राहिले, हात रिकामे, काय करावं कळेना. पलीकडून त्यांचा आवाज ऐकू येत होता, "अगं हळू, हळू, माझ्या बुटावर!" आणि त्या हसत होत्या. त्या हसत होत्या, याचं मला आजही नवल वाटतं. परत आल्या तेव्हा चेहरा मात्र पांढरा पडला होता आणि ओठ घट्ट मिटलेले. किळस त्यांनाही आलीच होती.

मी तांब्याने पाणी घातलं, त्यांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. एकच तांब्या. मग सरळ आत गेल्या, चहा टाकला, आलं किसलं आणि सगळ्यांच्या हातात कप दिले. साहेबांनी पडद्यावरची नजर न काढता दोन घोट घेतले. थोरल्या वहिनींनी कप हातात धरला होता.

"तू अंघोळ?" त्या म्हणाल्या.

"कशाला? साबण आहे."

"त्याच हातांनी चहा केलास?"

"ताई, रोज सकाळी आपण सगळेच आपापलं आपल्या हाताने धुतो ना? मग येऊन भाजी चिरतो. तेव्हा कुठे डोक्यावरून घेतो?"

मुलगी किंचाळली, "काकी! दॅट्स ग्रोस!" साहेबांचा कप अर्ध्यावर थांबला. कपात पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात कोणाची तरी विकेट पडली. त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला. थोरल्या वहिनींनी आपला कप ओट्यावर ठेवला. त्यावर साय आली तरी तो तिथेच होता.

निघायच्या वेळी डिश उचलायची होती. धाकटे साहेब ती घेऊन माळ्याकडे वळले, तशा वहिनी म्हणाल्या, "तिथे नाही. संडासात ठेवा."

"कुठे?"

"संडासात. आतच शॉवर आहे, उभी मावेल. संडास आजपासून बंद. पुढच्या वेळी फावडं घ्यायचं आणि टेकाडामागे जायचं, ज्याचं त्याने."

थोरल्या वहिनी उठून उभ्या राहिल्या. "ज्या डिशवर सकाळी देव दिसतात ती संडासात ठेवायची? काही वाटतं का तुला?"

"देव दिसतात, खरं आहे ताई. आणि मुलं झोपली की भाऊजी ते कपड्यांच्या फॅशनचं चॅनेल लावतात, तेही त्याच डिशवर दिसतं."

धाकटे साहेब खाली वाकून वायर गुंडाळायला लागले, त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी घसा साफ केला. "ठेवा तिकडे. काय फरक पडतो? यल्ला, यल्ला, उशीर होतोय."

डिश संडासात गेली. झाकणाला टेकून, गोल तोंड दाराकडे करून उभी राहिली. तिपाई तिच्या मागे. मी पंचा ओला करून तिची वाळू पुसली, दार लावलं आणि वर चढले. माळ्याच्या छतात पत्र्याचं चौकोनी ठिगळ होतं, हँडल होतं तिथे. उशी कोरी होती. पडदा ओढला. खाली थोरल्या वहिनी धाकट्या वहिनींशी बोलत नव्हत्या आणि माझ्याशी तर नाहीच.

ते बोलणं पुढेही सुरळीत झालं नाही. माझ्या हातचं त्या खात होत्या, पण ताट माझ्याकडून न घेता ओट्यावरून स्वतः उचलायच्या. स्टॅम्पिंग आलं तेव्हा साहेब पुन्हा "बघू" म्हणाले. त्या "बघू"चा अर्थ या वेळी मला नीट कळत होता. मी बॅग काढून धूळ झटकली. धाकट्या वहिनी येऊन म्हणाल्या, "बॅग कशाला? समोर तर यायचंय, उचलून आण सामान." कंपनी दोघा भावांची होती, धाकट्या साहेबांनी माझ्या कागदांवर सही केली. मी समोरच्या घरी राहायला गेले. तिथे मला पडदा नव्हता, दार होतं. कडी आतून लागायची.

कॅरव्हॅन पुढे विकली. डिश गच्चीत लावली, ती बरीच वर्षं होती, कबुतरं घाण करायची तिच्यावर. धाकट्या वहिनी आणि धाकटे साहेब पुढे पुण्याला परत गेले. मी इथेच आहे, शारजात, दुसऱ्या एका घरी रांधते. निळ्या रंगाचं काही औषध दिसलं की अजून घशाशी येतं. हत्ताच्या रस्त्याने कोणी नेतो म्हटलं तर मी काम काढते.

मध्ये फोनवर धाकट्या वहिनींचा आवाज थकलेला वाटला. गुडघे गेलेत म्हणाल्या, मुलं लांब आहेत, बाथरूमपर्यंत जायचं म्हणजे भिंतीला धरून. हसून म्हणाल्या, पण मी ऐकलं. वहिनी, हे तुमच्यासाठी लिहिते. तुमच्यावर ती वेळ आली, अंथरुणापाशी भांडं ठेवायची, तर दुसरं कोणी ठेवू नका. मला बोलवा. पासपोर्ट आता माझ्याजवळ असतो. मी येईन आणि ते भांडं मी उचलीन. मला किळस येईल, खोटं सांगत नाही, तेव्हा तुम्हालाही आली होती. पण मी डोक्यावरून अंघोळ करणार नाही. साबणाने हात धुवीन, एक तांब्या पाणी घेऊन, आणि त्याच हातांनी आलं किसून तुम्हाला चहा करून देईन.